दोन हसुराम

एका माणसाला मी जिवंत असल्याचं दाखवायला निघालो होतो. पनवेलला पेणची एसटी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, आणि शेजारच्या बाईंनी बसल्या बसल्या माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही तर मेलात ना?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी नट आहे. ज्याचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, त्या जातीतला. गेलं दीडेक वर्ष एका मालिकेत सासऱ्याचं काम करत होतो. बायकोला घाबरणारा, चोरून भजी खाणारा, येता-जाता लाटण्याचा मार खाणारा सासरा. नाव हसुराम म्हात्रे. हे नाव कुठून काढलंस, असं मी लेखकाला विचारलं होतं. "काका, ऐकूनच हसू येतं ना!" इतकंच त्याचं उत्तर. दिवाळीच्या सुमाराला वाहिनीला हसुराम नकोसा झाला आणि त्यांनी त्याला झोपेत मारून टाकला. आता दिवाणखान्याच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला माझा फोटो तेवढा दिसतो. फोटोला काम आहे, मला नाही.

मग मागच्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. "मी चंद्राबाई बोलतंय. हसुराम म्हात्रेची बायको." कोणीतरी टिंगल करतंय असं वाटून मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "खऱ्या हसुरामची वो!" तुम्ही टीव्हीत मेलात तेव्हापासून आमच्या ह्यांनी अंथरूण धरलंय, धड जेवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मुलाने मालिकेच्या ऑफिसात खेटे घालून माझा नंबर मिळवला होता. "एकदा येऊन दिसा त्यांना. जित्ता मानूस बघला की उठतील." मी विचारलं, गाव कुठलं? त्यांनी पेणच्या खाडीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. तेवढ्यात फोन कटला.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत मला कोणी 'या' म्हटलं नव्हतं.

रामवाडीला, पेणच्या स्टँडवर, उतरून गरम वडापाव खाल्ला. पेणमध्ये गणपतींच्या कारखान्यांपुढे पांढऱ्याफटक मूर्तींच्या रांगा वाळत होत्या. रंग नाही, डोळे नाहीत. डोळे काढायला अजून अवकाश होता. मी उगाच एका कारखान्यापाशी घुटमळलो. आत हात चालत होते, रेडिओ चालू होता. कोणी 'काय पाहिजे' म्हणेना, तसा निघालो.

खाडीकडे जायला मिनीडोर (मागे बाकं टाकलेली मोठी रिक्षा) मिळाली. डांबरी रस्ता संपून मातीचा बांध लागला आणि दोन्हीकडे आगरं (मिठाचे मळे) पसरली. काहींत मीठ रचलेलं होतं, बऱ्याच आगरांत नुसतं पाणी आणि बगळे. थंडीचे दिवस असूनही ऊन डोळ्यांत खुपत होतं. एवढा मोठा उघडा मुलूख, आणि माणूस एखाददुसरा.

हसुरामचं घर सापडलं, पण त्याला कुलूप. शेजारची म्हातारी पायरीवर सुकट निवडत बसली होती. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हसुराम? तो हितं नाय. पोराकडं रोह्याला हाय. दोन वर्सं झाली."

"अहो, पण मला तर ह्याच गावाचं नाव सांगितलं!"

"गाव हाच हाय ना त्याचा. तुमी काय इचारलाव?"

मी गाव कुठलं विचारलं होतं. राहता कुठे, ते विचारलंच नव्हतं. स्वतःच्या नावाने चार शिव्या हासडल्या. ज्या नंबरवरून फोन आला होता तो लावला, तर बंद. म्हातारी म्हणाली, नंबर पोराचा असेल, तो धाटावच्या कंपनीत आहे, शिफ्टला आत मोबाइल नेऊ देत नाहीत. रोह्याच्या बिल्डिंगचं नाव मात्र तिला पाठ होतं. निघताना म्हणाली, "त्याला सांग, तुजा आवाज नाय तर आगर कसा मुका झालाय." मी हो म्हटलं आणि पुन्हा बांधावरून चालू लागलो.

पेणहून रोह्याची एसटी नागोठण्याला बराच वेळ थांबली. अर्धी गाडी उतरली, कंपनीचे गणवेश घातलेली माणसं चढली आणि चढल्या चढल्या झोपली. शेतांत भात केव्हाच कापून झाला होता, त्या जागी वाल हिरवागार पसरला होता. मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे मानतात. तेच ठसक्यात म्हणायचं, पाठीवर थाप मारायची, म्हातारा हसेल, जेवेल. काम फत्ते. नटाला आणखी काय येतं?

बिल्डिंग नवी होती. तिसऱ्या मजल्यावर चंद्राबाईंनी दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! आलाव तुमी!" मुलगा, सून दोघंही कामावर होती. आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून एक आडव्या अंगाचा, रापलेला माणूस पडला होता.

"उठा, बघा कोन आलाय! जित्ता हाय!"

त्याने कूस बदलली. मला निरखून पाहिलं. "टीवीवर जाडा दिसतोस."

मी माझं भाषण केलं. आयुष्य वाढतं, थाप, सगळं झालं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मना काय येडा समजलास? मालिका हाय ती. मी मराला भितंय असा हिला वाटतंय."

"मग जेवत का नाही?"

तो उठून बसला. "आगरावर हाक मारली ना, का चार आगरं पलीकडून ओ यायची. पोरानं हितं आनला. पोर चांगला हाय. पन हितं दारं बंद. कोनी नाव इचारला नाय. मंग तू आलास टीवीवर. खालचा वॉचमन, दूधवाला, समोरची बाई, सगली हाका माराला लागली. काय हसुराम, आज बायकोनं लाटना फेकलान ना! मना मजा यायची रं. मुद्दाम खाली जाऊन बसाचो. आनि तू मेलास. हाका बंद."

मला त्या लेखकाचा, वाहिनीचा, कोणाकोणाचा राग आला. माझा फोनही त्याच दिवसापासून वाजायचा थांबला होता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही सांगितलं नाही.

चंद्राबाईंनी पानं घेतली. तांदळाची भाकरी, बिरडं (सोललेल्या वालांची उसळ), तळलेली सुकट. मी दोन भाकऱ्या हाणल्या. हसुरामने भाकरीचा तुकडा मोडला, बिरड्यात बुडवला आणि तसाच ताटात ठेवला. चंद्राबाई माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या लांबून आलेल्या माणसाकडून काहीच होईना, असं त्या नजरेत होतं.

मग मी हट्टाला पेटलो. "चला खाली. मी ओरडून सगळ्यांना सांगतो, हसुराम म्हात्रे जिवंत आहे."

तो नको नको म्हणत होता. चंद्राबाईंनी त्याला सदरा घातला आणि अक्षरशः दाराबाहेर ढकलला.

खाली काय झालं ते सांगायला नको वाटतं. वॉचमनने मला पाहिलं, "ओ, हसुराम!" म्हणून आरोळी ठोकली. दारं उघडली. बायका, माणसं, पोरंटोरं जमली. "हसुराम, तुम्ही किती छान मेलात!" "हसुराम, इकडे बघा, फोटो!" बघता बघता मला गराडा पडला, आणि खरा हसुराम मागे रेटला जात जात पार्किंगमधल्या स्कूटरींना टेकला. स्वतःच्या नावाने चाललेला गलका तो लांबून ऐकत होता.

माझं डोकं सटकलं. "अहो, हसुराम हे! ते बघा! तिसऱ्या मजल्यावर राहतात! माझं नाव जनार्दन आहे!"

पुढे धरलेले मोबाइल खाली आले. समोरच्या बाई सौजन्याने म्हणाल्या, "हो का?" मग लगेच, "पण तुम्हाला परत घेतील ना मालिकेत? जुळा भाऊ वगैरे?" नाही म्हटल्यावर गर्दी पांगली. दारं लागली. वॉचमन खुर्चीत जाऊन बसला.

स्कूटरींच्या बाजूने खोकल्यासारखा आवाज आला. हसुराम हसत होता. पोट धरून हसत होता.

"तुला पन कोनी ओलखीत नाय रं! माजा नाव काढला तर तुला कुत्रा इचारीत नाय!"

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. त्याच्यासोबत मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

स्टँडपर्यंत तो पोचवायला आला. वाटेत आम्ही कुंडलिका नदीच्या काठी बसलो. माणसं फिरायला आली होती, आमच्याकडे कोणी पाहिलं नाही. म्हातारीचा निरोप मी सांगितला, तो ऐकून त्याने विचारलं, "घरी कोन असतं तुज्या?" मी म्हटलं, कोणी नाही, बायको गेली. "मंग जनार्दन म्हनून हाक कोन मारतं?" मी म्हटलं, कोणी नाही. तो "हं" म्हणाला. त्याने नंबर मागितला, मी दिला. एसटी सुटताना त्याने हात केला. पनवेल येईपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला. मी काय केलं तिकडे जाऊन? एका माणसाचं उरलंसुरलं नाव त्याच्यादेखत पळवलं आणि त्याचंच जेवून आलो. तो उठला, का पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मालिका लागायच्या वेळेला फोन वाजला.

"ए जनार्दन!" आगरापलीकडे ऐकू जावं असा आवाज. मी दचकून ओ दिली. "मी जेवलो रं. भाकरी खाल्ली. तू जेवलास काय?"

"हो," म्हणालो.

"बरा," म्हणाला आणि ठेवून दिला.

खोटं बोललो होतो. ते खोटं ठरू नये म्हणून उठलो आणि कुकर लावला.