पिवळी चिठ्ठी

विमानतळावर बाबांनी कागदपत्रांची फाइल माझ्या हातून काढून वृंदाकडे दिली. म्हणाले, "हिच्याकडे राहू दे. तू हरवशील." दोन हजार साल होतं. मला सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली होती आणि माझ्या व्हिसावर बायको म्हणून वृंदा निघाली होती. पण इंग्लंडात मिल्टन कीन्सला पोचल्यावर बँक, घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स, जीपी डॉक्टरकडची नोंदणी, सगळं तिनेच केलं. सही करायच्या जागी ती पिवळी चिठ्ठी लावायची आणि मी न वाचता सही ठोकायचो.

तीन वर्षांनी ती गेली. ब्रिस्टलला नोकरी मिळाली होती. गाडीत दोन बॅगा ठेवून म्हणाली, आपलं जमत नाही, इतकंच. मी दोष विचारला. तिने एकही सांगितला नाही. शिवी दिली असती तरी मला सोसली असती.

इकडचा कायदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लगेच मोकळं व्हायचं तर दुसऱ्याचा दोष लिहून द्यावा लागतो. दोष लिहायचा नसेल तर दोन वर्षं वेगळं राहायचं, आणि मग दुसऱ्याची संमती लागते. संमती नसेल तर पाच वर्षं. दोषाशिवाय घटस्फोट देणारा कायदा पार्लमेंटने पूर्वी केला होता, पण सरकारने तो अमलात न आणताच गुंडाळला. पेपरात त्यावर अजून वाद चालत. त्यावरची वाचकांची पत्रं मी कापून ठेवी. कोणी नवरा हायकोर्टापर्यंत लढला असं वाचलं की तो मला आपल्या गावचा वाटे.

दोन वर्षांनी कोर्टाचा लिफाफा आला. त्याआधीच तिचं वेगळं पाकीट आलं होतं. आत त्याच फॉर्मची प्रत, संमतीच्या रकान्याशी पिवळी चिठ्ठी. संध्याकाळी फोन आला.

"शिरीष, चिठ्ठी लावलीय. कोर्टाच्या प्रतीवर तिथेच सही कर."

"वाचून करीन म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा."

"वाच. त्यात तुझ्याविरुद्ध एक ओळ नाही. सॉलिसिटर म्हणत होती, चार गोष्टी लिहा, लवकर सुटाल. मी नाही लिहिल्या. तुझ्या आईंना कोणी वाचून दाखवलं असतं तर?"

"म्हणूनच सही करणार नाही."

ती म्हणाली, "मला पुन्हा लग्न करायचंय. मूल हवंय. मी सदतिसाची आहे, शिरीष."

"सदतीस आणि तीन, चाळीस. मला गणित येतं."

हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही मित्रमंडळी तिकडे पुण्यातच राहिलात, तुम्हाला वाटलं असेल मी संसार वाचवत होतो. इकडे आलेल्यांनी महाराष्ट्र मंडळात माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी त्यांना सांगत सुटलो की तिचं दुसऱ्याशी आधीपासून होतं. खोटं होतं. तिच्या भलेपणाचीच मी तिच्या पायात बेडी घातली. त्या तीन वर्षांत रोज ऑफिसला जाताना प्रत्येक राऊंडअबाउटच्या गोल चौकात थांबलो की मनात यायचं, ती थांबलीय. मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

पाच वर्षं भरली आणि कोर्टाने तिला मोकळं केलं. अंतिम हुकूम आला तो मी उलटसुलट पाहिला. माझ्या सहीसाठी त्यावर जागाच नव्हती.

मग आईचा फोन आला. वृंदाची आई तिला मंडईत भेटली होती. लग्न झालं म्हणे, पण डॉक्टरांनी आता मुलाची आशा ठेवू नका असं सांगितलंय. आई म्हणाली, "तुझा राग खरा असेल रे. पण तीन वर्षं फार झाली." तरी खरं सांगतो, ते ऐकून पहिल्या क्षणाला मला जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणाला मी खाली बसलो.

परवा इकडच्या पासपोर्टचा फॉर्म परत आला. सही चौकटीबाहेर गेली होती. तो ठेवताना ड्रॉवरमध्ये तिचं जुनं पाकीट दिसलं. चिठ्ठीचा डिंक वाळला होता, ती हातात सुटून आली.

तुम्ही पत्रात विचारता, आता घर कुठलं, पुणं की इकडचं? ती चिठ्ठी मी नव्या फॉर्मवर सहीच्या जागी लावून पाहिली. चिकटली नाही.