एकोणसत्तरची गाडी आणि मिलिंदचं अपडेट

अमेरिकेत शॉमबर्गला राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पा पूर्वी ग्रीन कार्डावर सुरू व्हायच्या आणि गुडघ्यांवर संपायच्या. गेली दोन-तीन वर्षं त्या दोन गाड्यांवर सुरू होतात आणि त्याच दोन गाड्यांवर संपतात. किस्से इतके साठलेत की कुठला आधी आणि कुठला नंतर, यात माझाच गोंधळ व्हायला लागलाय. म्हटलं, विसरायच्या आत सांगून टाकावेत.

पहिली गाडी देवधर काकांची. एकोणसत्तर सालची अमेरिकन मसल कार, रंग तांबडाभडक. मसल कार म्हणजे दोन दारं, अवाढव्य इंजिन आणि मागे नावडता पाहुणा बसवावा एवढीच जागा. दुसरी गाडी मिलिंदची. गाडीचं नाव तेच, पण मॉडेल कालपरवाचं. मिलिंद सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याची गाडीही निम्मी सॉफ्टवेअरमध्येच आहे. जुनी भारी की नवी, हा या दोघांचा कायमचा वाद. मी मिनीव्हॅन चालवतो, त्यामुळे सर्वानुमते मला पंच नेमलंय.

या वादात तिसरा पक्षही आहे, तो म्हणजे देवधर काकू. त्यांचा मुद्दा एकच. घराला दोन गाड्यांचं गॅरेज. निम्म्यात ही तांबडी, उरलेल्या निम्म्यात मंडळाच्या गणपतीचं मखर. "आणि माझी गाडी बर्फात! मी या घरात नक्की कोण आहे?"

*

काका रिटायर्ड भूलतज्ज्ञ. गाडी सुरू करायची त्यांची पद्धतही ऑपरेशन थिएटरमधली. आधी बॉनेटवर दोन थापट्या. मग ॲक्सिलरेटर तीनदा दाबायचा, चौथ्यांदा नाही. मग डोळे मिटून दहा आकडे मोजायचे आणि किल्ली फिरवायची.

एकदा मिलिंद शेजारी उभा राहून हसायला लागला. "काका, माझी गाडी मी किचनमधून फोनवर सुरू करतो. खाली येईपर्यंत सीट गरम झालेली असते!"

काका शांतपणे म्हणाले, "अरे, चाळीस वर्षं माणसांना झोपवलं. आता एकीला तरी जागं करू दे."

आतून काकू ओरडल्या, "मला विचारा! अख्ख्या गल्लीला जागं करतात!"

*

मिलिंदच्या गाडीला पाच मोड आहेत. बटण दाबलं की इंजिनाचा आवाज कमी, जास्त, रेसचा, पावसातला, असा हवा तसा मिळतो. त्यातला एक खास शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून आहे. त्यानं आम्हाला अर्धा तास डेमो दिला. गाडी जागेवरून हललीसुद्धा नाही, नुसत्या आवाजाचाच कार्यक्रम झाला.

काका म्हणाले, "छान आहे. माझ्या गाडीला नाहीत बाबा मोड."

"आहेत की," काकू म्हणाल्या. "दोन आहेत. बंद आणि भांडण."

*

मग तो अपडेटचा किस्सा. कोजागिरीला शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. तो संपल्यावर मिलिंद मसाला दुधाचं रिकामं पातेलं मांडीवर घेऊन गाडीत बसला आणि स्क्रीनवर आलेल्या कसल्याशा प्रश्नाला सवयीनं 'यस' म्हणाला. झालं! गाडीनं सांगितलं, अपडेट चालू आहे, पंचेचाळीस मिनिटं गाडी चालवू नये.

काका शेजारूनच निघाले होते. दोन थापट्या, तीनदा ॲक्सिलरेटर, दहा आकडे, आणि गाडी सुरू. खिडकी खाली करून त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "सोडू का रे घरी?"

मिलिंद नाही म्हणाला. स्वाभिमान! पंचेचाळीस मिनिटं पातेलं घेऊन बसून राहिला. नंतर मी विचारलं की एवढं अपडेट झालं तरी काय? तर म्हणे, घड्याळाचा फॉन्ट बदलला.

*

मिलिंदची मुलगी आर्या दहा वर्षांची आहे. ती एकदा काकांच्या गाडीत बसली आणि काचेचं हँडल गरागरा फिरवत म्हणाली, "Baba, this is awesome! Why doesn't our car have this?" मिलिंदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग तिनं डॅशबोर्ड न्याहाळला. "काका, where's the screen? How do you see behind you?"

"रिव्हर्स कॅमेरा ना? आहे की," काका म्हणाले. "अगं ए, ये गं!"

काकू हात पुसत आल्या, ड्राइव्हवेच्या टोकाला मेलबॉक्सपाशी उभ्या राहिल्या आणि हातानं हवा ओढल्यासारखं करत सुरू झाल्या. "येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे! येऊ द्या, येऊ द्या... बस!"

गाडी मेलबॉक्सपासून चार बोटांवर थांबली. आर्यानं टाळ्या वाजवल्या. "It even talks!"

"टॉक्स?" काका हळूच म्हणाले. "याला ऑफचं बटण नाही."

*

दसऱ्याला आम्ही पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा करतो. आमचे गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात. त्यांनी दोन्ही गाड्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली.

काकांनी गाडी पुढे घेतली. चारही लिंबं फटाफट फुटली, आणि गाडीनं जाताना ऑईलचे चार थेंब प्रसाद म्हणून मागे ठेवले.

मिलिंदनं गाडी सुरू केली आणि ती केकाटायलाच लागली. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की समोर अडथळा आहे. बिचारा हार नेमका सेन्सरवर लोंबत होता! जरा पुढे घेतली की गाडी आपणहून ब्रेक मारायची.

गुरुजींनी हार काढला, गाडी चालली. हार घातला, गाडी थांबली. असं त्यांनी तीनदा केलं आणि हात झटकले. "तीनदा टेस्ट केलं, तीनदा फेल. माझ्याकडून रिजेक्ट!"

काकू गालावर हात ठेवून बघत होत्या. "देवाचा हार अडथळा वाटतो होय रे हिला?"

काकूंनी तांबडीची बाजू घेतल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. काकांनी बहुतेक ऐकलं नाही, ते ऑईल पुसत होते.

*

आता शेवटचा.

गेल्या हिवाळ्यात काकू बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवरचा बर्फ खरवडताना ड्राइव्हवेवर घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्या दिवसापासून काकांनी जुन्या-नव्याचा वाद घालणंच सोडलं. आम्ही मुद्दाम डिवचलं तरी "नवी चांगली रे" म्हणायचे. मला ते मुळीच आवडायचं नाही. पंचाला काही कामच उरलं नव्हतं.

दसऱ्यानंतर त्यांनी कुणालाही न विचारता जाहिरात दिली. नोव्हेंबरात शेजारच्या राज्यातून एक म्हातारा गोरा ट्रेलर घेऊन आला. माणूस भला होता. बॉनेटवर त्यानं स्वतःहून दोन थापट्या मारल्या, तेव्हाच आम्ही समजलो की गाडी योग्य घरी चाललीय. काकूंनी त्याला पोहे दिले, चहा दिला. एकदा रस्त्यावर काढून गाडी ट्रेलरवर चढवायची, एवढंच बाकी राहिलं.

मिलिंद आणि मी निरोप द्यायला गेलो होतो. मिलिंद काकूंना धीर देत होता. "बरं झालं काकू, आता मखराशेजारी तुमची गाडी आत. माझं गॅरेज तर हीटेड आहे, फरशी इतकी चकाचक की खाली बसून जेवावं! यंदा बर्फाचं टेन्शनच नाही."

काकू पोह्यांच्या रिकाम्या बशा गोळा करायला लागल्या.

काका गाडीत बसले. तीनदा ॲक्सिलरेटर. दहा आकडे मोजायला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. गाडी धडधडायला लागली, काकांनी रिव्हर्स टाकला आणि सवयीप्रमाणे मागे बघितलं.

काकू सवयीप्रमाणे मेलबॉक्सपाशी उभ्या होत्या. एक मनगट दुसऱ्या हातात धरलेलं.

"बस!" काकू म्हणाल्या.

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अगं, अजून हललोच नाही मी!"

"बस म्हटलं ना!"

कुणाला काही कळेना. गोऱ्यानं मला विचारलं, "Is she okay?" इंजिन धडधडत होतं, काका स्टिअरिंग धरून काकूंकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि खरं सांगतो, माझेही.

काकूंनी पदर नसताना पदर खोचल्यासारखं केलं आणि मिलिंदकडे वळल्या.

"मिलिंद, तुझ्या त्या गरम गॅरेजात मखर मावेल ना रे?"