सातव्या माणसाची नोंद

"मला कसं माहीत असणार, काका? मुकादमालाच विचारा की." एका म्हाताऱ्या हमालाला मी हे म्हणालो होतो, कंपनीच्या गेटाबाहेर उभ्या उभ्या. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. यात लपवण्यासारखं काय, असं वाटेल, म्हणून आधीचं सगळं सांगावं लागेल.

मी पेणचा. नोकरी रोह्याला एका केमिकल कंपनीत, डिस्पॅचला सुपरवायझर. पावडरची पन्नास किलोची पोती ट्रकात चढवून घ्यायची, चलन फाडायचं, गाडी सोडायची. दहा वर्षं तेच केल्यावर माझ्या लक्षात आलं की वरच्या मजल्यावर प्लॅनिंगच्या ऑफिसात जो बसतो त्याच्याकडे डिग्री असते. म्हणून चौतिसाव्या वर्षी मी सरकारी विद्यापीठाच्या मॅनेजमेंट कोर्सला नाव घातलं. नोकरी करणाऱ्यांसाठीचा, तीन वर्षांचा. वर्ग मुंबईला, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर.

शनिवारी बाराला निघालो तरच पोचायचो. आणि निघायचं तर त्याआधी दिवसाच्या गाड्या भरून व्हायला हव्यात. ते माझ्या हातात नव्हतं, टोळीच्या हातात होतं.

टोळी सात जणांची, वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठच्या एकाच गावातली, ठेकेदाराच्या हजेरीवर. मुकादम चाळिशीचा. टोळीत त्याचा सख्खा चुलताही होता, साठीला टेकलेला. आधी मिठागरावर राबलेला, मग इथे. मुकादमाचा बाप लहानपणीच गेला, चुलत्यानंच त्याला वाढवलं. सगळी टोळी त्यांना काका म्हणे, म्हणून मीही.

शनिवार उजाडला की थट्टा सुरू व्हायची.

"चला रे, हात उचला. सायेबाची शाला भरते."

"सायेब, डब्यात काय दिलाय वैनीनं?"

"पास व्हा हां. नायतर पोराच्याच बाकावर बसाल."

हसत हसत चहाची सुट्टी न घेता ते बाराच्या आत गाड्या भरत. तीन वर्षांत माझा एक शनिवार त्यांनी चुकू दिला नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. आपल्याच कंपनीत करा, असं आमच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं. मी डिस्पॅचच्या कामाचा अभ्यास घेतला. स्टॉपवॉच लावून कोण माणूस किती पोती उचलतो, एका खेपेला किती वेळ लागतो, ते मोजायचं. घड्याळ मी धरलं तर लिहायला कुणीतरी हवं. काका मोकळे असत.

मोकळे का, तर त्यांचे गुडघे गेले होते. दोन वर्षं त्यांनी पोतं उचललेलं नव्हतं. त्यांचा वाटा बाकीचे सहा जण आपसात उचलत. काका फाटक्या पोत्यांची तोंडं शिवत, पाणी देत, मोठ्यानं मोजणी करत. माझ्यापासून हे कुणी लपवलेलं नव्हतं. मुकादमानं स्वतःच सांगितलं होतं, "सायेब, काका नुसता हुबा असतो, तुमाला दिसतोच. पन सातांचा काम होतो ना?"

"होतं."

"मंग झाला तर."

"झालं," मी म्हणालो होतो. शब्दच दिला होता म्हणा.

काकांनी महिनाभर नोंदी घेतल्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. माझ्याहून चोख. एकदा माझ्याकडून एक खेप सुटली तर म्हणाले, "सायेब, येक गेला तुमचा. परीक्षेत पन असाच सोडता काय?" तक्त्यात सातव्या ओळीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. तिथे पेन्सिल थांबली.

"यात काय लिवायचा?"

"राहू द्या काका, काही लिहू नका."

"मोकला बरा नाय दिसत. गोल काडतो." आणि त्यांनी सगळ्या रकान्यांत एकेक शून्य काढलं, नीटस, एका मापाचं.

मसुदा पाहून सर म्हणाले, "नुसतं मोजलंत. शिफारस कुठाय?" शिफारशी पुष्कळ करता आल्या असत्या. फलाट उंच करा, ढकलगाड्या घ्या. त्याही मी केल्या. पण सगळ्यांत वर इंग्रजीत एक ओळ घातली: सध्याचं काम सहा माणसांत होतं, सातव्याची गरज नाही.

अहवालाची एक प्रत कंपनीला द्यावी लागते, हे मला माहीत होतं. हल्लीपर्यंत मी स्वतःला सांगत आलो, की असली काळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं कोण वाचतंय. ते खोटं आहे. मॅनेजरनं ती ओळ वाचावी हीच माझी इच्छा होती. हा माणूस खाली उभा राहतो पण वरच्यासारखा विचार करतो, असं त्याला वाटावं म्हणून ती सगळ्यांत वर होती. छपाईला देण्याआधी ती काढायला एक मिनिट लागलं असतं. मी ती दोनदा वाचली आणि भाषा सुधारली.

निकाल चांगला लागला. टोळीला पेढे दिले. काका म्हणाले, "चला, आता आमचा शनवार मोकला." दोन महिन्यांत मी वर गेलो, प्लॅनिंगला. ठेकेदाराचं नवं कंत्राट झालं ते सहा माणसांचं.

ठेकेदारानं मुकादमाला वरच्या ऑफिसात बोलावून विचारलं, कुणाचं नाव कापू? माझं टेबल लाकडी पार्टिशनच्या अलीकडे होतं. मला सगळं ऐकू आलं. मुकादम म्हणाला, "कोनाचाच नाय. कापायचा तर माझा कापा." ठेकेदार म्हणाला, "तुझं कापून मला काय करायचंय? न उचलणारा कोण ते कागदावर आलंय." कागद म्हणजे हजेरीवही, असंच मुकादम समजला असावा. आणि काकांचं नाव कापलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका गेटावर माझी वाट बघत होते.

"सायेब, तुमी वर असता. मी उचलत नाय, यो कोनी सांगला? टोलीबाहेर कोनाला म्हाईत नाय."

शून्यं त्यांनी स्वतः काढली होती आणि तरी त्यांच्या मनात माझं नाव आलं नव्हतं. मी त्यांना परका वाटतच नव्हतो. मी खाली वाकून चपलेतला खडा काढल्यासारखं केलं आणि मुकादमालाच विचारा म्हणालो. खडा नव्हता.

"व्हय," काका म्हणाले. आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

त्या दोघांच्या घरांना अंगण एकच. महिन्याभरात मध्ये काठ्यांचा कूड घातला गेला, असं टोळीतल्या एकानं मला सांगितलं. वाढवलेल्या पोरानंच पोटावर पाय दिला, असं काका गावभर सांगत होते. मुकादम आधी शपथा घ्यायचा, मग गप्प झाला. त्याच्या मुलीच्या लग्नाला काका कुडापलीकडे बसून राहिले, अक्षता टाकायला आले नाहीत. पुढे त्यानं टोळी सोडली. आता पेणला टेम्पो चालवतो. मला दिसला की हॉर्न वाजवतो, हात करतो. मीही करतो.

चार वर्षांपूर्वी काका गेले. मी मातीला गेलो होतो. अग्नी जावयानं दिला. पुतण्याला, म्हणजे मुकादमाला, काकींनी खांदा देऊ दिला नाही. तो लांब बांधावर उभा होता. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आला.

"सायेब, त्या दिशी तुमी हापिसात व्हता. मी ठेकेदाराला काय सांगला, आयकला व्हतात ना?"

"ऐकलं होतं."

"मंग तुमी तरी येकदा सांगाला पायजे व्हता काकाला. तुमचा आयकला असता त्यानं."

"हो, सांगायला हवं होतं," मी म्हणालो. त्याला वाटलं, माझी चूक एवढीच. मीही तसंच वाटू दिलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "जाऊ द्या, तुमी तरी काय करनार."

गेल्या महिन्यात मी काकींकडे गेलो होतो. अंगणात सुकट वाळत घालत होत्या. कंपनीतला म्हटल्यावर बसायला पाट दिला, चहा केला. कुडापलीकडे मुकादमाची बायको कुणाशी तरी बोलत होती. काकी मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या मानसाला घरच्यानंच खाल्ला. भायेरचा कोन कशाला खाईल?" पलीकडचं बोलणं थांबलं. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी कप खाली ठेवला, आणि तब्येतीला जपा म्हणून उठलो.

हे लिहिलं म्हणजे काम झालं, असं मी समजत नाही. काकींना वाचता येत नाही. त्या अंगणात, पुतण्या समोर असताना, मला त्यांना सांगायचं आहे की काकांबद्दल कागदावर लिहिलं ते मी, काकांना खोटं बोललो तो मी, आणि पुतण्यानं काकांसाठी स्वतःचं नाव कापायला सांगितलं होतं. एवढं त्या घराचं माझ्याकडे देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.