पिवळे इशारे

ऑफिसात तिला सगळे ‘इस्त्रीवाली’ म्हणत. दुसऱ्यांनी घाईघाईत लिहून टाकलेल्या कोडच्या सुरकुत्या काढत बसायची तिला खोडच होती, आणि हे नाव तिला मनातून आवडायचंही. कंपनी छोटी, एका मजल्यावर मावणारी. काम मात्र जोखमीचं. रुग्णवाहिकांना कुठल्या पत्त्यावर जायचं ते दाखवणारं अ‍ॅप तिथे तयार व्हायचं. तिचा धाकटा भाऊ त्यातलीच एक गाडी चालवायचा. त्यामुळे “ताई, तुझ्या अ‍ॅपने आज फार नखरे केले गं,” हे जेवताना ऐकणं तिच्या नशिबीच होतं.

त्या आठवड्यात तिने बिल्ड टूलची नवी आवृत्ती बसवली. सगळ्यांचा कोड गोळा करायचा, चाचण्या घेऊन तपासायचा आणि त्यातून चालतं अ‍ॅप बांधून द्यायचं, हे त्या टूलचं काम. नवं टूल चाललं छान, पण दरवेळी पडदाभर पिवळे इशारे ओकायला लागलं: ही पद्धत जुनी झाली, पुढे बंद होणार, बदलून घ्या.

“चालतंय ना? मग कशाला हात लावताय?” मॅनेजर म्हणाला.

“आज चालतंय, सर. बंद पडल्यावर सगळ्यांचीच पळापळ होईल.”

“बरं, करा. तुमचं काही इस्त्रीशिवाय भागायचं नाही.”

टूल चपळ होतं, हे मात्र खरं. आधी चाचण्या संपेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. आता कप उचलेपर्यंत सगळं ठीक असल्याची हिरवी खूण हजर. सगळे खूश होते. तीही. सकाळीच अ‍ॅपची ताजी आवृत्ती गाड्यांमध्ये गेली होती.

दुपारी एकेक इशारा निस्तरताना ती एका साध्याशा ओळीपाशी आली. चाचण्या कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, ते सांगणारी जुनी ओळ. तिने ती नव्या पद्धतीने लिहिली आणि टूल चालवलं.

या वेळी ते संपेचना. एकामागून एक चाचण्या सरकत राहिल्या. म्हणजे इतके दिवस यातल्या निम्म्या चाचण्या चालतच नव्हत्या! टूल जुन्या ओळीवर पिवळं कुरकुरत होतं आणि ते फोल्डर गुपचूप वगळत होतं. त्या चपळाईचं इंगित हे होतं तर.

मग लाल ओळ आली: एक चाचणी नापास. घर क्रमांकापुढचं अक्षर गळत होतं. ‘चौदा अ’चं नुसतं ‘चौदा’.

मॅनेजर बैठकीत होता. तिने दार वाजवलं आणि उत्तराची वाटही न पाहता आत शिरली.

“सर, सकाळची आवृत्ती मागे घ्या. आत्ता. गाड्या चुकीच्या दारात जातील.”

“खात्री आहे?”

“आहे. टूल मी बदललं, नजरचूक माझी. मला काय बोलायचं ते नंतर बोला.”

तो लगेच उठला आणि नियंत्रण कक्षाला फोन लावला. पण जुनी आवृत्ती सगळ्या गाड्यांपर्यंत पोचायला वेळ लागणार होता. तिने भावाचा नंबर दाबला. गाडीतल्या नर्सबाईंनी फोन उचलून स्पीकरवर टाकला. मागे सायरन कोकलत होता.

“ताई, आत्ता नको! पेशंटकडे निघालोय!”

“ऐक, पडद्यावरचा पत्ता अर्धवट आहे. नियंत्रण कक्षाला पूर्ण क्रमांक विचार.”

“तू शुद्धीवर आहेस ना?”

“विचार म्हणते ना!”

वायरलेसची खरखर झाली. मग नर्सबाईंचा आवाज आला, “सात क सांगतायत.”

“सात क? अहो, ते तर पुलापलीकडे!” भाऊ ओरडला. ब्रेक किंचाळले आणि फोन कटला.

ती जिन्यात येऊन कठड्याला धरून उभी राहिली. पुन्हा फोन करायची छाती होईना. थोड्या वेळाने मॅनेजर बातमी घेऊन आला. सगळ्या गाड्यांवर जुनी आवृत्ती परत आली होती. दुसरी एक गाडी मात्र भलत्याच दारात जाऊन माघारी वळली होती. मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा तोवर कण्हत पडून राहिले होते. आता त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

एवढ्यात तिचा फोन वाजला.

“पोचलो गं,” भाऊ म्हणाला. “लहान मुलगी होती, श्वास अडकलेला. ऑक्सिजन लावला. आता रडतेय. मस्त भोकाड पसरलंय.” मागून ते रडणं ऐकू येत होतं. “ताई? आहेस ना?”

“आहे,” ती म्हणाली.

“आणखी काही घोळ असेल तर आत्ताच सांग बाई.”

“इशारे राहिलेत अजून. बघते.”

तोंड धुऊन ती जागेवर आली, तर मॅनेजर आपली खुर्ची ओढून तिच्या पडद्यासमोर बसला होता.

“पुढचा कुठला?” त्याने विचारलं.

पुढचा अगदीच किरकोळ निघाला. एका सेटिंगचं नुसतं नाव बदललं होतं. तरीही दोघांनी तो दोनदा वाचला.