वाडीची मीटिंग

चारकोपच्या खोलीत धोंडू भुवड वीस-पंचवीस वर्षं राहिला, पण त्याचा आवाज शेजाऱ्यांनी फारसा ऐकला नाही. आवाज होता तो त्याच्या बायकोचा, शेवंतीचा. गिरणी बंद पडल्यावर धोंडू इंडस्ट्रियल इस्टेटीत पॅकिंगला लागला. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी येऊन मुकाट जेवायचा. कालवण कसं झालंय विचारलं तर "बरं." नवी साडी नेसून समोर उभं राहावं तर नजर टीव्हीवर. भिंतीशी संसार केला बाई मी, असं शेवंती येईल त्याला ऐकवायची, आणि भिंत बिचारी तेही ऐकून घ्यायची.

नाद एकच. रविवार उजाडला की वाडीची मीटिंग. संगमेश्वराकडच्या त्यांच्या वाडीतले मुंबईकर गोरेगावात जमायचे. तिथं बायकांचं काय काम, एवढंच तो म्हणायचा. एवढ्या मीटिंगा करून वाडीत अजून नळाला पाणी नाही, करता तरी काय तिथं, असं ती करवादायची. तो चपला अडकवून निघायचा.

मार्गशीर्षात धोंडू झोपेतच गेला. तेरावं उरकल्यावर शेवंती आणि सून दीप्ती माळा आवरायला लागल्या, तर मागं कोपऱ्यात रेक्झिनची बॅग. आत हिरवंगार नऊवारी लुगडं, केसांचं गंगावन आणि ओंजळभर बांगड्या. शेवंतीनं त्यातली एक हातात घातली, ती सरळ कोपरापर्यंत गेली. म्हणजे बाई चांगलीच आडदांड. मेल्याला हीच बरी मिळाली!

बाबा तसे नव्हते हो, असं दीप्ती परोपरीनं सांगत होती. शेवंतीनं तिला गप्प केलं आणि दोन दिवस नवऱ्याच्या फोटोपुढं दिवा लावला नाही. खरं सांगायचं तर तिला त्या बाईचा एवढा राग नव्हता. आपल्याशी दोन शब्द धड न बोललेला माणूस कुठंतरी कुणाशी पोटभर बोलत होता, हे तिला सोसवेना. मग आपण त्याच्या कोण होतो, हा प्रश्न तिला जेवू देत नव्हता.

फेकायला म्हणून बॅग दाराशी ठेवली, आणि त्याच सकाळी अनंत आला. नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, करणाऱ्या गोरेगावच्या एका मंडळाचा हा माणूस, धोंडूला दादा म्हणायचा. भेटायला म्हणून आला आणि दारातच थबकला.

"ही तर आमच्या मावशीची बॅग!"

शेवंतीनं पदर खोचला. "कोण ही मावशी?"

"धोंडूदादाच की, वहिनी."

मग त्यानं बसून सगळं सांगितलं. वाडीची मीटिंग महिन्यातून एकदाच, बाकीचे रविवार तालमीचे. नमनात गौळणी बाजाराला निघतात, त्यांची म्होरकी मावशी. पुरुषच लुगडं नेसून ती करतो आणि अख्खं थिएटर हसवतो. लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्याला गावचं नमन बघून शेवंती म्हणाली होती, पुरुषानं लुगडं नेसून कंबर हलवायची, लाज कशी वाटत नाही? धोंडूनं ते मनाला लावून घेतलं. नाचणं त्याला सोडवलं नाही, म्हणून सांगणं सोडलं.

अनंतनं मोबाईलवर व्हिडिओ लावला. मावशी कमरेवर हात ठेवून आली, तोंड उघडलं आणि दीप्तीनं चमकून सासूकडं पाहिलं. आवाज धोंडूचा, पण बोलणं सगळं शेवंतीचं. तेच टोमणे, तोच ठसका, तीच बोटं मोडणं. लोक पोट धरून हसत होते. शेवंतीचा चेहरा पडला. आपल्याला चव्हाट्यावर मांडलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात कृष्णानं मावशीला विचारलं, जेवलीस का? "कवाच जेवले. तू गप गिळ," मावशी खेकसली. मग प्रेक्षकांकडं वळली आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका हं. नाय जेवले. नवरा घरात आल्याबिगर घास उतरत नाय माझ्या घशाखाली. पन त्याला कळलं तर मेला माजेल."

शेवंतीनं फोन हातात घेतला. लग्न झाल्यापासून ती हेच करत आली होती, आणि हे तिनं सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"ह्यांना ठाऊक होतं गं," ती दीप्तीला म्हणाली, आणि ढसाढसा रडली.

अनंत चुळबुळत बसून राहिला. ती शांत झाल्यावर त्यानं आल्याचं कारण सांगितलं. बोरिवलीत प्रयोग ठरलाय, मावशीला नवा माणूसही मिळालाय, पण बोलायचं काय? दादांनी कधी काही लिहूनच ठेवलं नाही. घरात एखादा कागद असला तर?

"कागद कशाला हवाय?" शेवंतीनं डोळे पुसले. "त्या माणसाला घेऊन या इथं. कसं बोलायचं ते मी शिकवते."

अनंत खूश झाला. ते जेवणाचंही नीट बसवून घ्या, त्याला हमखास टाळी पडते, असं तो म्हणाला.

"बाकी सगळं घ्या, भावजी," शेवंती म्हणाली. "तेवढं नको. ते आमच्या दोघांतलं आहे."