बाबांची दाढी आणि दोन औषधं

ऋषिमुनींच्या ज्ञानापुढे आधुनिक वैद्यकाने एकदा भाईंदरच्या जेसल पार्कमध्ये सपशेल हार पत्करली, आणि मी तिथे हजर होतो. निदान आमच्या इमारतीत तरी हा प्रसंग असाच सांगितला जाई.

आम्ही दादर सोडून भाईंदरला आलो, त्यानंतर दोनेक वर्षांनी वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी रोगाचं नाव पार्किन्सन्स सांगितलं. आईला ते एखाद्या कंपनीचं नाव वाटलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही खुर्चीतून उठायच्या आत पुढच्या पेशंटला आत बोलावलं. गोळ्यांचा फारसा उपयोग दिसेना. एका सकाळी वडिलांची हनुवटी कापली आणि आईने वस्तरा कपाटावर टाकला. जन्मात न्हाव्यापुढे गाल न धरलेल्या वडिलांनी दाढी वाढू दिली.

"एवढं एक माझं मला करता येऊ दे," ते म्हणाले. "मग बाकीचं खुशाल थरथरू दे."

शेजारच्या काकूंनी स्टेशनपलीकडचे एक वैद्य सुचवले. त्यांच्या भिंतीवर पदवी लहान होती आणि मंत्र्याबरोबरचा फोटो मोठा होता. डोळे मिटून त्यांनी वडिलांची नाडी इतका वेळ धरली की त्यांना डुलकी लागली असावी, अशी मला शंका आली. "वात कुपित झालाय," ते म्हणाले आणि दुधातून घ्यायची भुकटी दिली.

इथे आईपुढे पेच पडला. इंग्रजी औषध गरम पडतं, म्हणून ती डॉक्टरांची गोळीही दुधाबरोबरच देत असे.

"दोन्ही एकाच दुधात कशी देऊ? आत गेल्यावर भांडतील," ती म्हणाली.

"वेगवेगळं दूध दे," मी म्हणालो.

"पोट एकच आहे ना त्यांचं?"

शेवटी आयुर्वेदाच्या वयाचा मान ठेवून दूध भुकटीला मिळालं. गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर जाऊ लागली. दोघींची गाठ पडू नये म्हणून मध्ये तासभराचं अंतर.

महिन्याभरात वडील शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. मग त्यांनी वस्तरा मागितला. आई मोरीच्या दाराशी स्टूल टाकून बसली. ते दाढी करून बाहेर आले ते जरा तरुण दिसत होते. काकू अभिनंदन करायला आल्या, ते स्वतःचं असल्यासारखं.

मला भुकटीचा संशय होता. वैद्यबुवा तिच्यात डॉक्टरांचीच गोळी कुटून घालत असावेत, असं वाटून मी चिमूटभर चाखली. सुंठेसारखी लागली. पुढच्या भेटीत ते म्हणाले, "साहेब, आता त्या इंग्रजी गोळ्या सोडा. माझं औषध आत उतरतंय, त्याला त्यांची अडचण होतेय."

वडील सोडायला निघाले. "ज्याच्यामुळे हात चालतोय त्याचं ऐकायचं की तुझं?" हा त्यांचा प्रश्न. गोळ्या एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं मला आठवत होतं. डॉक्टरांवर माझा विशेष विश्वास होता असं नाही, पण वैद्यांवर त्याहून कमी होता. एकदा डॉक्टरांना विचारू, मग सोडा, एवढ्यावर मी वडिलांना राजी केलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. "गोळी कशाबरोबर देत होतात?"

आईने दूध, भुकटी, भांडण, तासाचं अंतर, सगळं सांगितलं.

"दुधाने ही गोळी अंगी लागत नाही. पाण्याबरोबरच द्यायची असते."

"मग आधी का नाही सांगितलंत?" आईने विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी गोळी तशीच चालू ठेवून भुकटी महिनाभर थांबवायला सांगितली. वडिलांनी धास्तावत थांबवली आणि रोज आरशात हाताकडे रोखून पाहत राहिले. हात तसाच चालला. आई मात्र काकूंना काही बोलली नाही.

रोग पुढे वाढलाच. तो थांबेल असं डॉक्टर कधी म्हणाले नव्हते. पण मधली तीन-चार वर्षं वडिलांनी आपली दाढी आपण केली. ती वर्षं ज्या उपचाराने मिळाली तो म्हणजे ग्लासभर पाणी. आमच्या इमारतीत ते एक दिवसाआड येत असे.