तिसरी हाक

माझी बायको हाका मारते. हीच तिची नोकरी. बंदराजवळच्या दवाखान्यात बोटींवरचे खलाशी तपासणीला येतात. ही खिडकीपाशी बसून एकेक कार्ड उचलते आणि नाव पुकारते. बाहेरचा हॉल लांबलचक आहे, खांबांमागेही बाकं आहेत, खिडकीतून निम्मीच माणसं दिसतात. त्यामुळे नियम ठरलेला आहे: तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेलाही कुणी उठलं नाही, की ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी. दवाखान्यात तिला सगळे हाकबाई म्हणतात. घरी तिच्या हाकेला मी उठतो, पण तिसऱ्या, आणि हे ती लग्न झाल्यापासून मला ऐकवते आहे.

मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. कुणी काही विचारलं की मला उत्तर येतंच, येत नसलं तरी. त्यामुळे स्पॅनिश बोलणाऱ्या खलाशांची बोट यायची होती तेव्हा हिने नावांची यादी माझ्यापुढे ठेवली, आणि मी लगेच चष्मा चढवला. म्हटलं, अगं, अक्षरं तीच आहेत, फक्त एका ‘एन’ला डोक्यावर टोपी आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. प्रत्येक नावावर मी लाल शाईने उच्चार लिहून दिला. अक्षर सुरेख आलं होतं.

त्या दिवशी निम्मे लोक उठलेच नाहीत. एकमेकांना कोपराने ढोसत कसेबसे बरेच जण आत गेले. पण बोटीवरचा एक म्हातारा आचारी सकाळपासून खांबामागे बसून होता. त्याचं कार्ड दोनदा तळाशी गेलं. झाडणाऱ्या मावशींनी विचारलं, या बाबांचं काय करायचं, तेव्हा कुठे तो सापडला. त्याने तक्रार केली नाही. रक्त दिलं, टोपी घातली आणि गेला.

ती घरी आली आणि पानावर बसलीच नाही.

“रक्त तपासायचं म्हणून उपाशी होता हो तो,” ती म्हणाली. “आणि मी तिथेच बसून डबा खाल्ला.”

लाल शाई माझी होती.

डॉक्टर माणूस चांगला, पण घाईचा. त्यांनी सांगितलं की आता नंबरांचा फलक लावू, हाका नकोत. हिला ते झोंबलं. नंबर पोत्यांना घालतात, माणसांना नाही, असं ती त्यांच्या तोंडावर म्हणाली. दोन महिन्यांनी तीच बोट परत येणार होती. तेव्हा मी हाका मारते, एक जरी कार्ड तळाशी गेलं तरी फलक लावा, असा शब्द ती देऊन आली. मला वाटलं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण बोलायला मला तोंड कुठे होतं?

प्रायश्चित्त म्हणून मी पुस्तक आणलं. इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी स्पॅनिश अक्षरं आणि उच्चार. ती भाजी निवडायची आणि मी वाचून दाखवायचो. पहिली वीस पानं एकच विनवणी होती: स्वर ओढू नका, ओठ मुरडू नका, ‘टी’ म्हणताना जीभ दातांना लावा. ती म्हणाली, म्हणजे त. मग द आला. मग आ, ए, ई, ओ, ऊ, एकाला एकच आवाज, आज एक उद्या दुसरा असं नाही. थरथरत्या ‘र’साठी पुस्तकाने चार पानांचा व्यायाम दिला होता. तिने निवडता निवडता तो ‘र्रर्र’ असा काढला की खिडकीवरचं कबुतर उडालं. मी जन्मभर पोरांच्या जिभा वळवल्या होत्या, आणि हे पुस्तक मला त्या सरळ करायला सांगत होतं.

‘जे’चा उच्चार ह, आणि त्या अक्षराचं नाव ‘होता’. हे ऐकून ती पोट धरून हसली. जोडीने आलेले दोन ‘एल’ म्हणजे य. टोपीवाला ‘एन’ म्हणजे न्य. त्या टोपीची मी मनातल्या मनात माफी मागितली. ती सगळं देवनागरीत एका वहीत उतरवत गेली आणि फोनवर ऐकून ताडून पाहू लागली.

अडली ती फक्त ‘एच’पाशी. ते लिहायचं, पण बोलायचं नाही. ते तिच्या जिभेलाच पटेना. तो तिथे उभा आहे आणि मी त्याला हाक न मारता पुढे जाऊ, असं ती म्हणायची. आठवडाभर भांडून तिने त्याला गप्प बसवलं.

बोट आली त्या दिवशी मी मुद्दाम डबा पोचवायला गेलो. आचारी त्याच खांबामागे बसला होता. हाका सुरू झाल्या. एक उठला, दुसरा उठला, कुणी चमकून खिडकीकडे पाहिलं, कुणी हसत उठला. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. तळाशी एकही कार्ड गेलं नव्हतं.

मग आचाऱ्याचं नाव आलं. पहिली हाक. कुणी उठलं नाही. दुसरी हाक. खिडकीतून तिला तो दिसत नव्हता, मला दिसत होता. डोळे मिटून बसला होता. जाऊन त्याला हलवावं असं वाटलं, पण शब्द तिने दिला होता. तिने कार्ड दोन्ही हातांत धरलं. तिसरी हाक तिने मोठ्याने मारली नाही. सावकाश मारली, घरातल्या माणसाला मारतात तशी.

तो उठला. खिडकीशी येऊन काहीतरी पुटपुटला. कागद न्यायला आलेल्या बोटीच्या अधिकाऱ्याने मला ते इंग्रजीत सांगितलं आणि मी हिला मराठीत.

“तो म्हणतो, पहिल्याच हाकेला कळलं होतं. इतक्या वर्षांत कुठल्याच बंदरात असं नाव ऐकलं नव्हतं. अजून दोनदा ऐकावं म्हणून बसून राहिला.”

“मेल्या, जीव घेतलास की माझा,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. त्याला मराठी येत नाही, पण तो बरोबर ओशाळला. डॉक्टर आत गेले. फलकाचा विषय परत निघाला नाही.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून मला चहाला हाक मारली. मी पेपर खाली ठेवला, पण उठलो नाही. तिने दुसरी मारली.

“अहो, कार्ड तळाशी घालीन हं,” ती म्हणाली, आणि मग माझ्या नावाने तिसरी हाक मारली.